खरेदीची गरज नाही

आर्णी

प्रिय शीला,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. ग्रंथपालांच्या त्रैमासिकात तुझ्या ग्रामकोशावर इतकं कडू कोणी लिहिलं असेल, असं तू विचारलंस. कोश आणि सूच्यांची तिथली परीक्षणं बिननावाची असतात, त्यामुळे तुला पत्ता लागणार नाही.

आमच्या वाचनालयातही तुझा कोश आलेला नाही. समितीत मी विषय काढला, तर धर्मपाल सर म्हणाले, "मॅडम, त्या अंकात 'खरेदीची गरज नाही' असं लिहून आहे, मंग कायले घ्याचा?" मी यादीतलं पुढचं नाव वाचलं. सगळीकडे हेच चालतं, परीक्षणाची शेवटची ओळ वाचायची नि यादीवर फुली मारायची. त्या ओळीपायी प्रकाशकानं दुसरा खंड थांबवला, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि मला जेवण गेलं नाही.

शीला, मी तुझ्यावर जळते. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात तू माझी पुस्तकसूचीची कार्डं पाहून तुझी लिहायचीस. मग मी लग्न होऊन इथे मासिकांचे गठ्ठे बांधत बसले आणि तू स्कूटीवर मारेगावपासून केळापूरपर्यंत कोशासाठी गावं पालथी घातलीस. पेपरात तुझा शाल पांघरलेला फोटो आला, तेव्हा तो अंक मी गठ्ठ्यात सगळ्यात खाली घातला. घरी ह्यांनी विचारलं तर आज पेपरच आला नाही म्हणून सांगितलं.

ते परीक्षण मी लिहिलं. संपादकांनी कोश माझ्याकडे पाठवला आणि तीन आठवडे मी त्यात चूक शोधत होते. नऊशे पानांत एकच सापडली. माझ्या माहेरचा बाजार मंगळवारी भरतो असं छापलंय, तो कधीचाच शुक्रवारी भरायला लागला. तेवढ्यावरून मी अख्खा कोश बेभरवशाचा ठरवला. ती माहिती तुला फोनवर मीच दिली होती, गावी न जाता, आठवणीवरून. परीक्षण लिहितानाही हे मला पक्कं ठाऊक होतं. आज संपादकांना माझ्या नावानिशी सगळं कळवलंय, पुढच्या अंकात ते छापतील. तोवर प्रकाशकाला हे पत्र दाखव, माझी लाज राखू नकोस. तुझ्या एवढ्या मोठ्या कोशात माझी म्हणावी अशी ती एकच ओळ होती, शीला, आणि तीच खोटी निघाली.

तू ठेवशील तर तुझीच,
नलू