दुरुस्त होऊन आलेला प्रतिध्वनी

प्रिय ठमे,

सोमवारी तू वेधशाळेतला नवा प्रक्षेपक सुरू करणार आहेस. करू नकोस, एवढं सांगायला लिहिते आहे. निवृत्तीनंतर आईचं डोकं फिरलं म्हणायचं तर म्हण, पण आधी पूर्ण वाच.

तुमची भांडारखोली रिकामी करताना शिपायाने माझ्या जुन्या वह्या रद्दीत न घालता घरी आणून टाकल्या. मी तिथे नोकरीला असताना आम्ही आकाशात रेडिओचे ठोके पाठवायचो आणि परत काय येतं ते मी उतरवून घ्यायचे. साहेबांचा नियम एकच, "आपल्यासारखं आलं तर ते आपलंच." तसं आलं की 'प्रतिध्वनी' लिहून लाल पेन्सिलने काट मारायची. काट मारलेल्या नोंदी पुढच्या वर्षीच्या वहीत जात नसत, त्यामुळे त्या शेजारी-शेजारी ठेवून कोणी पाहिल्याच नाहीत. मीही नाही. गेल्या आठवड्यात पाहिल्या. पहिल्या वर्षी प्रतिध्वनी एकोणचाळीस मिनिटांनी यायचा, अकराव्या, म्हणजे माझ्या शेवटच्या वर्षी नऊ. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली. हिशेब तूच कर.

एखादा दगड जवळ येत असेल, असं तू म्हणशील. मीही म्हटलं. पण एकदा ठोके पाठवायची कागदी पट्टी टोचताना माझा एक ठोका राहून गेला होता आणि साहेबांनी त्यावरून दिवसभर माझं डोकं खाल्लं होतं. त्या दिवशी परत आलेल्या नोंदीत तो ठोका भरलेला आहे. दगड चुका दुरुस्त करत नाही.

तिथे कोणी बुद्धिमान असेल तर आपली ओळख करून देईल, गणित मांडून दाखवेल, असं आम्ही धरून चाललो, कारण आपण तसंच केलं असतं. तुझा मामा माळावर फासे लावून पक्ष्यांचे आवाज काढायचा, आठवतं? पक्ष्यांनाही वाटायचं, आपल्यातलंच कोणी बोलावतंय. मामाला काही त्यांच्याशी ओळख वाढवायची नव्हती.

परवा तुझा फोन आला. काळजी करू नकोस, सोमवारी सगळं सुरळीत होईल, म्हणालीस. फोन ठेवल्यावर मी त्याची बॅटरी काढली. 'स' आला की तू अडखळतेस, चौथीपासून. डॉक्टर झाले, उपाय झाले, ते गेलं नाही. परवा एकदाही अडखळली नाहीस. म्हणून हे कागदावर लिहिलं. तो फोन तू केला होतास का, तेवढं तुझ्या हाताने लिहून पाठव.

तुझीच,
आई

शिपायाच्या हाती दिलं, रविवार, सकाळी साडेनऊ: वह्या अकरा, टोचलेली पट्टी एक, बॅटरी काढलेला माझा फोन. त्याची सही घेतली आहे.