तीन मिनिटांत शंभर फेरे

लिहून ठेवणार मी, वय वर्षे सत्तावन्न पूर्ण, धंदा टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणे, शिक्षण आठवी आणि त्यापुढचे सगळे स्वतःचे स्वतः. येत्या गुरुवारी माझ्या छातीचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. गिऱ्हाइकाचा मोडका शाफ्ट हातात घेताना मीही असेच म्हणतो. म्हणून आज, डोके ठिकाणावर असताना, कोणी भरीस घातले नसताना, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते स्वहस्ते लिहितो. यापूर्वी एक मृत्युपत्र रागाच्या भरात केले होते. ते फाडले आहे. त्याचा तुकडा कोणाला सापडल्यास तो रद्द समजावा.

१. घर. पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची खोली, सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला. घर माझ्या कमाईचे आहे, दुसऱ्या कोणाचा त्यात हक्क नाही. मागच्या खोलीचे दार दमट हवेत फुगते. ते तासू नये. बिजागरीखाली पत्र्याची एक चकती सरकवली की बसते. चकती तिथेच खिळ्याला टांगली आहे. बँकेत जे काही निघेल तेही मुलीचेच.

२. हत्यारे. दोन्ही मायक्रोमीटर कारखान्यातल्या ग्राइंडरवाल्याला, कारण माप घेण्याआधी हात पुसणारा तो एकटाच. फोरमनला काही नाही. "चालतंय की" हे त्याचे बोल मी अठरा वर्षे ऐकले. माझ्यावाचूनही चालेलच.

३. श्रोता मंडळ. टायरच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी दुपारी आठ-दहा माणसे रेकॉर्डी ऐकायला जमतात. हे मंडळ मी काढले. त्याच्या आजच्या फलकावर माझे नाव नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो. स्का नावाचे जमैका बेटावरचे संगीत या मंडळींच्या कानावर पहिल्यांदा मी घातले. सुरुवातीला त्यांना तो खोकल्याचा आवाज वाटला होता. मी त्यांना जिना चढायला लावून समजावले: पाऊल पायरीवर पडते तो ढोलाचा ठोका, पाऊल हवेत असते तेव्हा जे वाजते ती गिटार. इतर संगीत पाऊल टाकताना वाजते, स्का उचलताना. हे वाक्य आता मंडळाचे अध्यक्ष स्वतःचे म्हणून सांगतात. मंडळाला माझ्या घरातून एक टाचणीही जाऊ नये.

४. अध्यक्ष. हे निवृत्त शाळामास्तर. त्यांना मात्र देणे आहे. "संथ स्का: मूळ रूप" ही माझी सोळा पानांची पुस्तिका, शिल्लक त्रेचाळीस प्रती, सर्व त्यांना. त्या दिवशी ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. आता सावकाश हसावे.

तो दिवस कोणता, हे पुढच्या कलमांवरून कळेल. माझ्यामागे लोक आपापल्या सोयीने सांगतील. त्यापेक्षा मीच सांगतो.

५. यंत्र. मागच्या खोलीतला रेकॉर्ड प्लेयर मी घडवला आहे. तबकडी ॲल्युमिनियमची, माझ्या हाताने कातलेली. तिच्या कडेला कागदाची खूण चिकटवून, घड्याळ समोर ठेवून मी फेरे मोजले. तीन मिनिटांत बरोबर शंभर. एकशे एक नाही, नव्याण्णव नाही. मोठ्या रेकॉर्डीला हाच वेग लागतो, मिनिटाला तेहतीस आणि वर थोडा. यंत्राला दुसरा वेग नव्हता, कारण मला दुसऱ्याची गरज वाटली नव्हती.

माझी पहिली स्काची रेकॉर्ड जुन्या सामानवाल्याकडे मिळाली. लहान तबकडी, लेबल ओल लागून अर्धे गळालेले, त्यावर तीन इंग्रजी अक्षरे शाबूत: एस, के, ए. म्हणजे स्का. मधले भोक अडतीस मिलिमीटरचे, माझ्या यंत्राची खुंटी सात मिलिमीटरची. मी पितळेची चकती कातून ते अंतर भरले. अशी बसली की केसही जाणार नाही. त्या चकतीचे मला इतके कौतुक होते की भोक मोठे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. त्या रेकॉर्डी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या असतात आणि भोक हीच त्यांची ओळख. हे कोणत्याही पोराने सांगितले असते. मी कोणाला विचारत नसे.

माझ्या यंत्रावर ती रेकॉर्ड संथ वाजायची. ट्रॉम्बोन, म्हणजे फुंकायचे लांब पितळी वाद्य, जड पावलांनी यायचा आणि मग एक म्हातारा गायचा, सगळे गमावून बसलेला. पुढे स्काच्या मोठ्या रेकॉर्डी मिळाल्या त्या झपझप वाजायच्या. मी सिद्धांत मांडला की हे संगीत मुळात असेच संथ होते, पुढे बाजाराने त्याला पळवले. खरा इतिहास नेमका उलटा आहे. आधी धावणे, मग संथ होणे. पुस्तिकेत त्या म्हाताऱ्याच्या दुःखावर चार पाने आहेत.

६. मेहुणा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. मंडळात त्याला भोंगा म्हणत. एका रविवारी त्याने वाजवून दाखवले आणि मी सर्वांसमोर म्हणालो, "तू गाडी सुटत असल्यासारखा वाजवतोस. मूळ स्का ऐक, मग तोंडाला लाव."

तो जिना उतरून गेला आणि आपला प्लेयर घेऊन आला.

"भाऊजी, तुमचं यंत्र जरा बाजूला ठेवू?"

माझी रेकॉर्ड, त्याचा प्लेयर, पंचेचाळीसचा वेग. म्हातारा गायला लागला आणि ती अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी निघाली. आनंदात होती.

मास्तर म्हणाले, "म्हातारा बराच तरुण निघाला की हो." मग चष्मा पुसला.

मेहुण्याचे म्हणणे बरोबर होते. ते मी मान्य करतो. बरोबर असण्याची त्याची पद्धत मी मान्य करत नाही. एकवीस वर्षे आम्ही बोललो नाही. बहिणीला शेवटचा निरोप द्यायला आला तेव्हाही तो दाराच्या त्या बाजूला उभा होता आणि मी या.

७. या कलमात वाटण्यासारखे काही नाही, तरी ते वगळू नये.

माझ्या बायकोचा डावा पाय लहानपणच्या आजारामुळे दोन बोटे आखूड होता. ती कोणाच्या घरी नाचली नाही, कोणासमोर नाही. पण ती रेकॉर्ड आणली त्या आठवड्यात मागच्या खोलीत तिने पदर खोचला आणि नाचायला लागली. उजवा पाय ठोक्यावर, आणि आखूड पाय, जो सगळीकडे उशिरा पडायचा, तो नेमका गिटारीच्या जागी. तिचे लंगडणे तालात बसले. अकरा वर्षे दर रविवारी सकाळी ती नाचली. मी सोबत असायचो, पण मोजणारा म्हणून.

त्या दिवशी घरी येऊन मी विचारले, "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात. तो म्हणाला, ताई, ही पंचेचाळीसची आहे. मी म्हटलं, गप्प बस, मला हीच जमतेय."

"म्हणजे अकरा वर्षं दोघं मला हसत होता."

"हसत नव्हते हो. मी नाचत होते."

मी आठ दिवसांत यंत्राला दुसरा वेग बसवला. काम चोख झाले. तेव्हापासून ती रेकॉर्ड या घरात फक्त योग्य वेगाने वाजली.

ती एकदा म्हणाली, "ती हळूवाली लावा ना."

"चुकीची आहे ती."

"असू दे. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

पुन्हा तिने म्हटले नाही. त्यानंतर ती सहा वर्षे जगली आणि नाचली नाही. शेवटच्या महिन्यात मागच्या खोलीत पडून असायची. मी पंचेचाळीसवर रेकॉर्ड लावायचो. गाणे पळत असायचे आणि तिचे बोट खाटेच्या दांडीवर संथ ठोके द्यायचे, जुन्या वेगाचे. मला ऐकू येत होते. वेग बदलायचा खटका माझ्या हाताशी होता. मी उठलो नाही.

मुलगी म्हणते, "बाबा, मामाला फोन करा आणि मोकळे व्हा." मोकळे होण्याइतकी ती गोष्ट लहान नाही.

८. रेकॉर्डी. एकशे बारा मोठ्या, सत्तेचाळीस लहान. सर्व मुलीला. तिने त्या ऐकाव्यात, ऐकवाव्यात. कोणी चुकीचे बोलल्यास चारचौघांत दुरुस्त करू नये. हे मी शिकलो, पण दोन्ही बाजूंनी मार खाऊन.

९. वर लिहिलेले यंत्र, पितळी चकती आणि ती एक रेकॉर्ड माझ्या मेहुण्याला, पुढील अटीवर. माझ्यामागे तेराव्या दिवसाच्या आत येणाऱ्या रविवारी सकाळी त्याने स्वतः मागच्या खोलीत यावे, खटका तेहतीसवर करावा आणि ती रेकॉर्ड एकदा पूर्ण वाजवावी. योग्य वेगाने ती दोन मिनिटे वीस सेकंदांची आहे. या वेगाने तीन मिनिटे नऊ सेकंद लागतील. वेगाबद्दल कोणी काही सुचवल्यास त्याला बाहेर काढावे, मास्तर असल्यास आधी. खाट आणि कपाट भिंतीला लावावे. खोलीची मधली जागा मोकळी ठेवावी. तिथे कोणी उभे राहू नये.

तो न आल्यास मुलीने वाजवावी, आणि यंत्र तिचे. ही माफी नाही, सूचना आहे. त्याने तसेच वाचावे.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार १: टायरच्या दुकानाचे मालक. सही.
साक्षीदार २: कारखान्यातला ग्राइंडरवाला. सही, हात पुसून.

ठिकाण: घरातली मागची खोली. तारीख: ९ मार्च २०२५, रविवार, दुपारी साडेचार.

सही झाल्यावरची दुरुस्ती: जागा किती सोडायची, असे साक्षीदार क्रमांक दोन यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. कलम ९ मध्ये "मधली जागा" या शब्दांपुढे "सहा फूट बाय पाच फूट" असे वाढवून वाचावे. आत्ता टेप लावून पाहिली. तिला तेवढी लागायची.

दुरुस्तीवर तिघांच्या सह्या.