तिसरी पुडी

बेलापूर, ७ जानेवारी १९४६

ती. रंगुताईस शि. सा. न. वि. वि.

जुन्या मोटारबॅटऱ्यांतले शिसे वितळवायची माझी भट्टी बरी चालली आहे. पण शेजारची साळूबाई चावडीवर सांगते की भट्टीच्या धुळीने तिची म्हैस मेली. घराण्यात रसायनशास्त्र शिकलेली तूच. धूळ पाठवतो; ती निरुपद्रवी आहे, असा दाखला दे. लहानपणी सगळे चाखून पाहायचीस, ही चाखू नकोस. माझ्या लेकीचे, चांगुणाचे, पोट महिनाभर दुखते आहे. तुझी भावजय मालन म्हणते, जंत असतील.

लोभ आहे तसाच राहो.
सहादेव

नगर, १५ जानेवारी

चि. सहादेवास आशीर्वाद.

पुडी तपासली. माती आणि शेणाची भुकटी. ही सारवलेल्या अंगणाची धूळ आहे. शाळेतही तू दुसऱ्याची पाटी दाखवायचास. भट्टीच्या वाशांवरची आणि साळूबाईच्या कडब्यावरची, अशा दोन पुड्या पाठव. चांगुणाच्या हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ आहे का, ते पाहा.

रागावले तरी माया उणी नाही.
ताई

बेलापूर, २२ जानेवारी

ती. ताईस सा. न.

चुकलो. दोन्ही पुड्या पाठवतो. तिसरी मालनने दिली: धुराड्याच्या तोंडाशी साचते ती राख. चुलीच्या राखेपेक्षा भांडी लखलखतात म्हणून घरात वर्षभर हीच वापरतात. ती वाईट असती तर भांडी उजळली नसती, असे मालनचे म्हणणे. घासायचे काम चांगुणाचे. हिरड्यांना रेघ आहे. कालपासून तिचे उजवे मनगट लुळे पडते.

उत्तराला उशीर नसावा, ही विनंती.
सहादेव

नगर, २५ जानेवारी

चि. सहादेवास आशीर्वाद.

तिन्ही पुड्यांत मुरदाडशिंग आहे, म्हणजे जळलेले शिसे. आम्लात विरघळवून आयोडाइड घातले, की पिवळाजर्द साका बसतो. कडब्यात थोडा, वाशांवर बराच, मालनच्या राखेत सर्वांत जास्त. ते विष आहे. ती भांडी चुलीवर चढवू नका. चांगुणाला ताबडतोब इथल्या इस्पितळात आण; मी दारात उभी असेन. सोबत दाखला आहे, तू मागितलास तसा नाही. तो चावडीवर तूच वाच.

मालनला बोल लावू नकोस. राखेने भांडी घासायला तिला आपल्या आईनेच शिकवले.

ताई

बेलापूर, ६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

चांगुणाला तुझ्या हवाली करून परतलो, तो थेट चावडीवर गेलो. दाखला वाचला. भट्टी विझवली. आमची भांडी पुरून टाकली, हे साळूबाईला कळले असावे. संध्याकाळी तिने आपली दोन पातेली आणि एक तवा मालनकडे पाठवला.

चांगुणाच्या मनगटात बळ आले, की तिच्या हातचे दोन शब्द पाठव. वाकडे असले तरी चालतील.

सहादेव