बैठकीच्या आधीचा अर्धा तास

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली. आज रविवारी भर दुपारी वारजेच्या घरात कणीक मळायची सोडून मी तुला लिहायला बसलेय, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलंच असशील. नुसती आठवण आली म्हणून लिहिणाऱ्यांतली मी नाही, आणि तसलं पत्र आलं असतं तर तू "कामं नाहीत वाटतं?" एवढंच म्हणाली असतीस. काम आहे. एका बाईचा जीव गेलाय, दुसरीची नोकरी जायची वेळ आलीय, आणि दोन्हींत मी आहे. हे बोलायला मला दुसरं कुणी नाही.

बचत गटांच्या कामात मांजरीच्या पुढची चार गावं तुझ्याकडे होती. मे महिन्यात शाळेला सुट्टी, घरी मला सांभाळायला कुणी नाही, म्हणून तू मला बसनं बरोबर न्यायचीस. बैठक चारची असली तर तू साडेतीनलाच बालवाडीच्या पायरीवर. पिशवीतून मेथीची जुडी काढायचीस आणि निवडत बसायचीस. मला वाटायचं, काय ही बाई, एक मिनिट फुकट घालवत नाही! मग गटातली एखादी येते, तुझ्या शेजारी टेकते, चार काड्या हातात घेते, आणि मेथी खुडता खुडता खालच्या आवाजात सांगते की या खेपेला हप्ता जमला नाही. तू मान वर करत नाहीस. "बरं," म्हणतेस. मग सहज हाक मारल्यासारखं दुसऱ्या एकीला बोलावतेस, तिच्याशी दोन शब्द कुजबुजतेस, आणि चार वाजता सगळ्या गोल करून बसल्या की सगळ्यांचे हप्ते पुरे. कुणी कुणाचा घातला ते त्या दोघींना माहीत आणि तुला. बाकी गावाला पत्ता नाही.

एकदा मी शहाणपणा केला. दहाएक वर्षांची असेन. भर बैठकीत एका काकूंना विचारलं, तुमच्याकडे तर पैसे नव्हते ना? कुणी हसलंसुद्धा नाही. काकूंनी पदर सारखा केला आणि मान खाली घालून बसून राहिल्या. तू तिथे मला काही बोलली नाहीस. बसथांब्यावर आल्यावर म्हणालीस, "माणसाची अडचण चारचौघांत काढायची नसते. हे कळेल तेव्हा ये माझ्याबरोबर." उरलेली सगळी सुट्टी मी शेजारच्यांकडे काढली. तुझा भयंकर राग आला होता मला, आणि खरं सांगू, थोडा अजूनही आहे. एवढ्याशा पोरीला इतकी शिक्षा? पण कळलं होतं मला. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय तू ठेवलीच नाहीस.

आता मी हिंजवडीत नोकरी करते. आमची कंपनी खेड्यापाड्यांत छोटी कर्जं देणाऱ्या एका संस्थेसाठी ॲप बनवते. नाक मुरडू नकोस, वाईट काम नाही ते. तुझ्या वेळी कर्ज मंजूर व्हायला बाया महिनोन्‌महिने साहेबाच्या दारात ताटकळायच्या. आता फोटो काढला, अंगठा लावला की संध्याकाळपर्यंत पैसे खात्यात. जिथे बँकेचा माणूस कधी फिरकला नाही तिथल्या बायांनी शिलाई मशिनं घेतली, गाई घेतल्या. मला त्याचा अभिमान वाटायचा. गटाची पद्धत तुझ्या वेळचीच ठेवली, एकीसाठी सगळ्या जबाबदार. फक्त वेळ वाचवला. संस्थेची कार्यकर्ती गावात पोचली की फोन जागा ओळखतो आणि बैठक आपोआप सुरू होते, वीस मिनिटांत संपते. एखादीचा हप्ता राहिला तर गटातल्या सगळ्यांच्या फोनवर तिच्या नावानिशी मेसेज जातो, आणि तो भरेपर्यंत कुणालाच नवं कर्ज मिळत नाही. दिवसाला दोन गावं व्हायची तिथे सहा होतात. हे सगळं माझं डोकं, बरं का. त्याबद्दल कंपनीनं काचेचं काहीतरी बक्षीसही दिलं, ते टीव्हीशेजारी धूळ खातंय.

हे पक्कं करण्याआधी आम्ही कार्यकर्त्या बायांना हिंजवडीला बोलावलं होतं. एसीत अंग चोरून बसल्या होत्या बिचाऱ्या. त्यातली एक उभी राहिली, पस्तिशीची, मांजरीकडचीच. म्हणाली, "म्याडम, बैठकीच्या आधी आमी अर्धा तास बसतो. कुणाची काय अडचण हाय ते तवाच कळतं. त्याला ह्याच्यात जागा कुठं हाय?" आमचे साहेब माझ्याकडे बघायला लागले. त्या क्षणी मला तू आठवलीस असं लिहिलं तर बरं दिसेल, पण नाही आठवलीस. मला सहा गावं दिसत होती. मी म्हटलं, "असं आता कुणी करत नाही." ती खाली बसली. त्या दिवसाचं टिपण मीच लिहायचं होतं, त्यात तिचा प्रश्न मी घेतला नाही.

जिचा जीव गेला ती बाई हिच्याच एका गटात होती. दोन गाई, त्यातली एक मेली, दूध निम्म्यावर आलं. हप्ता राहिला आणि मेसेज गेला. गटातल्या एकीला मुलीच्या प्रवेशासाठी कर्ज हवं होतं, ते अडकलं. मग सगळ्या जणी जाऊन या गाईवालीच्या ओट्यावर बसल्या. तिची सख्खी जाऊसुद्धा. दोन दिवस बसल्या. फार बोलल्याही नाहीत म्हणे, नुसत्या बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी ती विहिरीत सापडली. कार्यकर्तीनं मला फोन केला तेव्हा तिला रडूही येत नव्हतं. एवढंच म्हणाली, "मला आदी कळलं असतं तर मी काय तरी केलं असतं वो."

चौकशी लागली. संस्थेचं म्हणणं, कार्यकर्तीनं हयगय केली, अडचण वेळेत कळवली नाही. तिचं म्हणणं, मी तो अर्धा तास हिंजवडीत मागितला होता, म्याडमना विचारा. म्हणून मला लेखी विचारलं गेलं: तिनं असं काही मागितलं होतं का? साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, चहा मागवला. दोन वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं, म्हणाले. कार्यकर्तीला दोन मुलं आहेत, नवरा घरी बसून असतो, ही नोकरी गेली तर पुन्हा रोजंदारीवर. आणि कामावरून काढलं तर गावात कायमचं होईल, की बाईला हिनंच मारलं. माझ्या दोन ओळींवर होतं सगळं. तू काय सांगितलं असतंस ते मला विचारायला नको.

हे पत्र कुठे टाकणार? कणीक मळायला उठले की फाडून टाकीन. पण तुझ्याशी तरी खोटं नको. वर मी लिहिलंय की तिची नोकरी जायची वेळ आलीय. ती शुक्रवारीच गेली. सकाळी मी "आठवत नाही" असं लिहून सही केली, दुपारी तिला काढल्याचं कळलं. तेव्हापासून तिचे फोन येताहेत, आणि मी उचलत नाही.