मागाशेजारचं मशीन

ता. १० सप्टेंबर १९३४, सोमवार

आज पुन्हा कचेरीत, टायपिस्टच्या जागेसाठी. हेडक्लार्क (यापुढे हे. क्ला.; पूर्ण लिहिण्याइतका मान त्यांना द्यायची इच्छा नाही) म्हणाले, "मिसबाई, बायकांनी येऊ नये असं जाहिरातीत नाही, पण यावं असंही नाही." म्हटलं, पुरुषांनी यावं असं तरी कुठं लिहिलंय, दाखवा. दाखवता आलं नाही. मग म्हणे, बसायची वेगळी सोय नाही. म्हटलं, टायपिंगला खुर्ची लागते, पडदा लागत नाही.

घातलं एकदाचं माझ्या विद्यार्थिनीचं, राजव्वाचं, नाव उमेदवारांत. परीक्षा १९ ऑक्टोबर, शुक्रवारी, दसरा झाल्यावर. टायपिंगचं मशीन ज्याचं त्यानं आणायचं.

शाळेतून निवृत्त होताना सगळ्यांनी भाषणांत सांगितलं, आता विश्रांती घ्या. कसली विश्रांती? या शहरात एका शिकलेल्या मुलीला खुर्ची मिळवून द्यायची तर रोज कोणाशी तरी भांडावं लागतं.

ता. १२, बुध.

राजव्वाच्या घरी गेले. बाप मल्लय्या मागावर बसलेला, उठला नाही. मुलगी मॅट्रिक झाली याचा त्याला अभिमान आहे की राग, अजून कळलेलं नाही. मॅट्रिकच्या आधीच विधवा झाली. सासरच्यांनी आणून सोडली ती सोडलीच. आता दिवसभर बापाच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरते. बाप आहे तोवर बापाच्या, मग भावाच्या, मग भावाच्या सुनेच्या. म्हणून ही नोकरी.

मल्लय्या म्हणाला, "आमच्यात कोण कचेरीत गेलं नाही की बाई. गेलं ते कोर्टातच."

म्हटलं, ही पहिली.

"लोक काय म्हणतील?"

"लोक काय कांड्या भरायला येतात का तुमच्याकडे?"

माग खटाखट सुरू.

ता. १५, शनि.

माझ्याकडे येऊन सराव करायचा तर जाण्यायेण्यात दुपार जाते आणि घरचं काम तुंबतं. म्हणून माझं मशीनच तिच्याकडे नेलं. टांग्यात मांडीवर घेऊन गेले. टांगेवाला म्हणाला, "बाळ लई जड दिसतंय." हसले नाही, पण घरी आल्यावर हसू आलं.

मल्लय्यानं मशीन मागाच्या खोलीत ठेवू दिलं नाही. "ती जागा धंद्याची." मग चुलीशेजारी, पिठाच्या डब्याला लागून. राग आला, पण गप्प बसले. माझ्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट.

ता. २२, शनि.

अक्षरांवर फडकं टाकून सराव. बोटं बघायची नाहीत, कागद बघायचा. कॉन्व्हेंटच्या नन आम्हाला पियानो असाच शिकवायच्या, वर पट्टीही असायची. मी पट्टी वापरत नाही, जीभ पुरते.

राजव्वा हुशार. पण सरकारी पत्रातली "आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक" ही ओळ आली की हात मंद होतो. विचारलं, का गं? म्हणाली, "मिसबाई, एवढं आज्ञाधारक कोण असतं?" मी म्हटलं, कोणी नसतं, म्हणून तर लिहावं लागतं.

ता. ६ ऑक्टो., शनि.

वेग बरा. चुका कमी. आई नरसव्वा चुलीपुढून बघत असते. तिला मराठी जेमतेम, इंग्रजी शून्य. पण ओळ संपल्याची घंटा वाजली की ती भाकरी उलटते. आज दोन भाकऱ्या करपल्या. राजव्वा लांब ओळीची पत्रं करत होती.

मल्लय्या अजून मशीनकडे बघत नाही. पाणी प्यायला आला तरी तोंड भिंतीकडे.

ता. १३, शनि.

हे. क्ला. बाजारात भेटले. "तुमची मुलगी येतेय ना? मुलं म्हणतात बाई येणार म्हणजे गंमत." म्हटलं, गंमत बघायला तिकीट लावा. टायपिंग क्लासची सात-आठ मुलं आहेत. जागा एकच.

ता. १६, मंगळ. खंडेनवमी

संताप आहे, आणि आणखी काहीतरी.

संध्याकाळी सहज डोकावले. आज माग बंद, घर शांत. विणकरांच्या घरी आज हत्यारांची पूजा: माग, धोटा, फणी, कात्री, सगळं धुऊन मांडलेलं. आणि मागाशेजारी पाटावर माझं मशीन. झेंडूची माळ. पुढं नारळ फोडलेला. वर अक्षता. आणि नरसव्वानं तेलात कालवलेलं हळदकुंकू आतल्या एकेका अक्षराला बोटानं लावलेलं. एकेका! तेल शाईच्या फितीपर्यंत ओघळलेलं.

मी ओरडले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, काही शब्द नननी शिकवलेले नव्हते. परीक्षा तीन दिवसांवर, आणि अक्षरांच्या खाचा हळदीनं भरलेल्या! मशीन उचलायला हात घातला तर नरसव्वा आडवी. "वद्दम्मा, वद्दु!" नको म्हणे, नको. बसवलेली पूजा. उद्या दसऱ्यापर्यंत हलवायची नाही.

"सगळ्या अक्षरांना कशाला लावलंस?"

राजव्वानं सांगितलं, "आई म्हणते, एकाला लावलं न् एकाला नाही, तर राहिलेलं रुसंल की."

मल्लय्या कोपऱ्यात धुतलेल्या धोतरात उभा. तो आत निघून गेला. मग राजव्वा (बापाला ती अय्या म्हणते) हळू म्हणाली, "मिसबाई, आईनं नाही मांडलं. अय्यानं. सकाळी स्वतः उचलून आणलं, चुलीपासून. मला म्हणाला, हत्यार आहे, हत्याराजवळ ठेव."

प्रसादाचं खोबरं घेतलं. चालतच घरी आले.

ता. १७, बुध. दसरा

घरीच. मुलं सोनं म्हणून आपट्याची पानं द्यायला आली, घेतली. मन तिकडे. दोन दिवसांचा सराव गेला. आणि तरी…

काल मी माणसावर त्याच्याच घरात, सणाच्या दिवशी ओरडले. प्रार्थनेत तेच डोक्यात.

ता. १८, गुरु.

सकाळी घासलेटची बाटली, जुना दातांचा ब्रश, नवी फीत (बाजार अर्धा बंद, एका दुकानदाराला जेवणावरून उठवलं) घेऊन गेले. मल्लय्याला म्हटलं, "परवा जास्त बोलले." तो म्हणाला, "आमची बी चूक की. विचारायला पाहिजे होतं, ह्या देवाला तेल चालतंय का." चेष्टा होती की काय, चेहऱ्यावरून कळेना.

राजव्वा ब्रश घेऊन बसली तर नरसव्वानं हात धरला. विधवेच्या हातानं कुंकू पुसायचं नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनंच ब्रश घेतला आणि मांडी घातली. मग काय, दुपारपर्यंत ती घासतेय आणि मी सांगतेय.

"हे कोण?"

"ए."

"आन हे?"

"बी."

प्रत्येकाला आधी नमस्कार, मग घासलेट. "हे एवढं झिजलंय कशानं?" असं एका अक्षराचं विचारलं. राजव्वा म्हणाली, "ई. सगळ्यात जास्त काम त्यालाच." नरसव्वानं मान हलवली आणि ते दोनदा घासलं.

अक्षता आत पडलेल्या. चिमट्यानं काढल्या. तरी एन अडकतं. दाबलं की वर जातं, परत येत नाही. कुठं तरी दाणा आहे, दिसत नाही. इथं मशीन उघडणारा एकच, तो अक्कलकोटला पाहुण्यांकडे गेलाय. राजव्वा म्हणाली, "मी बोटानं पाडीन." दर वेळी? "दर वेळी."

इंग्रजीत एन किती येतं, हे मला माहीत आहे, तिलाही.

ता. १९, शुक्र.

परीक्षा झाली.

मशीन मल्लय्यानं डोक्यावर आणलं. टांगा नको म्हणाला, हादरे बसतात. कचेरीच्या पायरीवर ठेवलं आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसला. टायपिंग क्लासच्या मुलांनी मशीन बघितलं. कडांना पिवळं अजून होतंच. एकजण म्हणाला, "लग्न लागलंय वाटतं मशीनचं." राजव्वानं ऐकलं. बसली, कागद चढवला.

मला आत सोडलं नाही. व्हरांड्यात बाक. आतून सगळी मशीनं एकदम सुरू झाली. तिचं कुठलं ते ओळखता येईना. इतकी वर्षं ते वापरलं, आणि आज वेगळं काढता आलं नाही.

बाहेर आली तर उजव्या हाताचं बोट शाईनं काळं. "शेवटच्या चार ओळी राहिल्या, मिसबाई." बाकी? "बाकी बरोबर आहे. वाटतं." पोरांपैकी पूर्ण किती जणांचं झालं? दोघांचं.

हे. क्ला. कागद गोळा करून आले. तिच्या कागदावर मधेच एक पिवळट ठिपका. "हा साहेबांपुढे ठेवायचा?"

"चुका मोजा आणि ठेवा. ठिपका चुकांत धरतात असं नियमांत असेल तर दाखवा."

ते कागदाकडे बघत राहिले. मग, जरा वेगळ्या आवाजात: "चुका नाहीत फारशा." एवढंच. नोकरी देतो म्हणाले नाहीत, नाही म्हणालेही नाहीत. साहेब दौऱ्यावर.

मशीन येताना माझ्या घरी आणलं, दुरुस्तीसाठी.

ता. २७, शनि.

अक्कलकोटचा मनुष्य परतला. दाणा निघाला. एन चालतं.

कचेरीतून काही नाही. मी गेले होते. हे. क्ला. म्हणाले, "पूर्ण केलेले दोघे आहेत. पण एकाच्या चुका फार. साहेब बघतील." म्हणजे आता एकाशी गाठ. की साहेबांच्या मनाशी? राजव्वाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आणि पुन्हा कांड्या भरायला बसली. तिचं ते "बरं" मला सहन झालं नाही.

ता. १ नोव्हें., गुरु.

सकाळी दारात मल्लय्या. माझ्या घरी पहिल्यांदा. आत या म्हटलं तर व्हरांड्यातच उकिडवा बसला. चहा घेतला, बशीतून.

"कचेरीचं?"

"अजून काही नाही."

"लागंल का?"

खोटं बोलायचं नव्हतं. म्हटलं, ठाऊक नाही. नाही लागली तर पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघेल. किंवा निघणार नाही.

बशी खाली ठेवली. मग उठला, माझ्या टेबलाजवळ गेला. मशीनच्या उंचीला हात लावून वितीनं मोजलं. रुंदीही. "जुन्या मागाचं लाकूड पडलंय घरात. टेबल करतो, मागाच्या खोलीत खिडकीच्या अंगाला बसंल. पोरगी पाटावर वाकून मारतेय, पाठ धरतेय तिची. बसायला किती उंच पाहिजे, सांगा."

मी खुर्चीत बसून दाखवलं. त्यानं जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत मोजलं. लाज वाटली नाही, त्यालाही नाही.

"मागाचा आवाज होईल की तिला."

म्हटलं, कचेरीत याहून जास्त होतो.

"मग चालंल," म्हणाला.

मशीन परत तिकडे न्यायला टांगा उद्या सकाळी सांगितलाय. टपाल आलं, कचेरीचं नव्हतं.