‘तिसरा निरोप’चा शेवटचा भाग

३ नोव्हेंबर, सोमवार

कॅसेट सापडली! ‘तिसरा निरोप’चा शेवटचा भाग.

मुलुंडच्या माधुरीताईंनी आमच्या जुन्या सिरियलवाल्या ग्रुपवर फोटो टाकला. त्यांच्या भावाने तेव्हा टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला, माळ्यावर लग्नाच्या कॅसेटींमध्ये पडून होता. बाकीचे भाग कधीच नेटवर आलेत, हा एकच नव्हता. म्हणून तर आम्ही भांडत बसतो — हेर कर्णिकचे निरोप शत्रूकडे पोचवणारा फितूर कोण, आणि शेवटी कर्णिकचं काय झालं.

ग्रुपवर शेवट माहीत असलेला माणूस एकच. मी. म्हणजे खरं तर आई. तिने लहानपणी बघितलेला आणि मला झोपवताना कितीदा सांगितलेला. बंदराचा धक्का. बोटीचा भोंगा. कर्णिकच्या हातून ग्लास पडून फुटतो, कारण मागे त्याची बायको सुमन हसत उभी असते. सुमनच फितूर.

बोरिवलीच्या सौरभचं नेहमीचं — "आईने सांगितलं हा पुरावा नसतो रे." सोळा तारखेला माधुरीताईंकडे सगळे जमून बघणार. तेव्हा बोल म्हणावं.

५ नोव्हेंबर

अंधेरीला कुरियरवाल्याकडे नोकरीचं बोलायला निघालेलो. वर्सोव्याला बोट दिसली, बसलो, मढला उतरलो. सिरियलमधला कर्णिकचा बंगला तिथलाच म्हणतात. सापडला नाही. एका बंगल्यात भलतंच शूटिंग चाललेलं, नवरीच्या वेशातली मुलगी पायरीवर बसून वडापाव खात होती. बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशीने विचारलं, "काय शोधतोस रे?"

"हेर."

"सापडला तर आम्हाला पण दाखव."

आठव्या भागात कर्णिकचं घड्याळ उजव्या हातात का? सौरभ म्हणतो तो कर्णिक नव्हताच, जुळा भाऊ. मी म्हणतो नटाच्या हाताला लागलं असेल. पण मग नवव्यात परत डाव्या हातात कसं? बोटीत हाच विचार. कुरियरवाल्याचा फोन उचलायचा राहिला.

९ नोव्हेंबर

आईला म्हटलं, तूही चल मुलुंडला. ड्युटी आहे म्हणाली. नर्स असली तरी रविवारी तिला सुट्टी असते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आई युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मी सहज विचारलं, शेवटी सुमनची साडी कुठली होती गं?

"साधीच."

"मागे हिरवी म्हणालीस."

तिने इस्त्री उभी ठेवली. "प्रबुद्ध, तो भाग मी बघितलेलाच नाही."

मला वाटलं मस्करी करतेय. मग तिने सांगितलं. तेव्हा आईच्या घरचे देवनारला राहायचे. आजोबा नांदेडकडून आलेले. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि एक ट्रान्झिस्टर, टीव्ही कुठला. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंकडे ती दर गुरुवारी ‘तिसरा निरोप’ बघायला जायची. उंबऱ्याजवळ बसायची. सगळे भाग बघितले. शेवटच्या गुरुवारी गेली तर त्यांनी दार लावून घेतलं.

"मग?"

"मग काय. जिन्यात उभी राहिले. आवाज येत होता." भोंगा आला, काच फुटली, कुणी बाई हसली. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या त्यावरच बोलत होत्या. आपल्या तोंडावर दार लावलं हे कसं सांगणार — म्हणून तिने आवाजांवरून चित्र रचलं. तेच पुढे मला सांगितलं.

एवढं बोलून परत इस्त्री करायला लागली.

दोन वर्षं मी ग्रुपवर शपथा घेतोय. वाट लागली.

१३ नोव्हेंबर

ग्रुपवर खरं सांगायचं तर आई जिन्यात उभी होती हेही सांगावं लागेल. सौरभ त्याचे स्टिकर करेल. त्यापेक्षा मी फेकलं म्हणतो. फेकू तर फेकू. मला काय, आजवर कुठली गोष्ट धड केलीय.

पण तिचं नाव यायला नको.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आईच तयार होऊन बसलेली. "चल. मला बघायचंय काय होतं ते."

माधुरीताईंच्या हॉलमध्ये तिला सोफ्यावर मध्ये बसवलं. चित्र हलत होतं, आवाज मात्र स्वच्छ. धक्क्यावर चहाची टपरी. रेडिओवर कसलं तरी नाटक लागलंय, त्यातली बाई हसते. टपरीवाल्याच्या हातून ग्लास पडतो. भोंगा. कर्णिक चहा संपवतो, बोटीत चढतो. नावं सुरू. संपलं! सुमन नाहीच. फितूर कोण तेही नाही.

"काय प्रबुद्धराव," सौरभ म्हणाला, "सुमनबाई कुठायत? फेकलीस ना?"

"हो. फेकली."

"त्याने नाही," आई म्हणाली. "मी. माझ्यासमोर दार बंद होतं. मला नुसतं ऐकू येत होतं."

मग तिने सगळं सांगितलं, पेशंटची माहिती डॉक्टरला सांगावी तसं. माधुरीताई उठून पोहे घेऊन आल्या.

सौरभने पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "काकू, पण सुमनच फितूर धरली ना, तर घड्याळाचं जुळतं हो." खरंच विचार करत होता साला. आई म्हणाली, "कसं ते सांग." दोघं तासभर बोलत बसले. मी तीन वेळा पोहे घेतले.

१८ नोव्हेंबर

ग्रुपवर आता ‘काकूंचा शेवट’ जोरात चाललाय. खऱ्यापेक्षा बरा आहे म्हणे. आणि नवीन वाद — त्या बाईंनी दार का लावलं? पाहुणे आले असतील. कुणी आजारी असेल. पोरांची परीक्षा. डास. सौरभचं म्हणणं, शेवटचा भाग, त्यांनाही निवांत बघायचा असेल.

मी आईला सगळं वाचून दाखवलं. डासांना हसली. मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"पाहुणे."

"असतील," म्हणाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज मेथी निवडता निवडता आई आपणहून बोलली. त्या शेवटच्या गुरुवारी दुपारी त्या बाई नळावर भेटल्या होत्या. तोवर तिला नुसतं शकु म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण नाव विचारलं. तिने शाळेत सांगतात तसं सरळ उभं राहून सांगितलं — शकुंतला बाबुराव सोनकांबळे.

बाई म्हणाल्या, "अस्सं होय."