पेढ्या कुणाकडं बघतो

३ डिसेंबर, बुधवार
पेढ्यानं आज पुन्हा अब्रू घालवली. शेजारच्या देशमुख काकांची म्हातारी कुत्री राणी लांबून दिसली मात्र, माझ्या हातातली साखळी सुटली आणि स्वारी थेट तिच्या अंगावर. चावत नाही, गुरगुरत नाही, नुसतं प्रेम. पण वीस-बावीस किलोचं प्रेम. काका फाटकाला धरून उभे राहिले म्हणून वाचले. राणी बिचारी थरथरत होती.

काका संध्याकाळी येऊन ह्यांच्याशी बोलून गेले. मग हे मला म्हणाले, "अजून एकदा असं झालं तर खुलताबादला, अक्काच्या शेतावर. तिथं काय हुंदडायचं ते हुंदडू दे."

तीन वर्षं झाली. गुलमंडीत कापड दुकानाच्या पायरीवर सापडला, ब्लाऊजपीसच्या पिशवीत घालून आणला, कापसानं दूध पाजलं. नणंदेच्या शेतावर म्हणे.

५ डिसें., शुक्र.
वरच्या मजल्यावरून धाकट्या जाऊबाई, मनीषा, मदतीला आल्या. मनीषानं मोबाईलवर सगळं बघून ठेवलंय. "ताई, दुसरं कुत्रं दिसलं की त्यानं आपल्याकडं बघायचं, एवढंच शिकवायचं. बघितलं की लगेच कलेजीचा तुकडा. पण उपाशीपोटी न्यायचं बरं का. पोट भरल्यावर कलेजीला कोण विचारतंय?"

मी हो म्हटलं. नाहीतरी आज नळाला पाणी होतं, आठ दिवसांनी. टाक्या सोडून मी कुठं जाणार होते? तिनंच नेला.

९ डिसें., मंगळ.
आता रोज तीच नेते. मी गच्चीवरून बघते. कपडे वाळत घालायचं निमित्त.

आज समोरून तीन कुत्री गेली. हा ओढला नाही. मान वळवून तिच्या तोंडाकडं बघत राहिला. माझ्याकडं तीन वर्षांत असं कधी बघितलं नाही. बघायचा तो पोळीकडं.

देशमुख काका चहाला आले. "मनीषाच्या हाताला गुण आहे." त्यांच्या चहात साखर घालायची विसरले. विसरले असंच लिहिते.

११ डिसें., गुरु.
जळतंय. इथं तरी खरं लिहावं.

येसरची आमटी मी शिकवली तिला. आता अक्का आल्या की मनीषाच्याच हातची पाहिजे. सासूबाई शेवटी आजारी होत्या तेव्हा पायाला तेल मी लावायचे, पण नाव निघायचं तिचं. असो. एक कुत्रं माझं होतं. मी वाढवला, आणि ही आयत्या बिळावर नागोबा.

सहा वाजल्यापासून जिन्याखाली बसून असतो, तिची वाट बघत.

१२ डिसें., शुक्र.
मनीषा खाली यायच्या आधी दीड भाकरी दुधात कुस्करून घातली पेढ्याला. वर तूप. ताटली चाटून झाल्यावर माझा हात चाटला.

"ताई, काही खाल्लं नाय ना यानं?"
"नाय," म्हटलं.

परत आली ती कपाळाला आठ्या घालूनच. म्हणाली, आज लक्षच देईना, नुसता ओढत होता. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

१४ डिसें., रवि.
काल पण घातली. आज दोन भाकरी.

(दुपारी) सकाळी सव्वासातला देशमुख काका मनीषाला धरून घेऊन आले. कोपऱ्यावर राणी दिसली, पेढ्यानं झेप घेतली, ही साखळी सोडेना. फरपटली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर, सहा आठवडे.

पेढ्या अंगणात येऊन ओकला. भाकरीच सगळी. कुणी बघायच्या आत मी बादलीभर पाणी ओतलं.

हे म्हणाले, "मोबाईलची शाळा बंद. शनिवारी कुत्रं अक्काकडं." भाऊजी बायकोच्या हाताकडं बघत बसले. मी बादली जागेवर नेऊन ठेवली.

१६ डिसें., मंगळ.
वरचा स्वयंपाक सध्या माझ्याकडं. आज तिची वेणी घालत होते. पाठमोरीच म्हणाली, "ताई, त्या दिवशी त्यानं कलेजी तोंडात घेतली न् खाली टाकली. पोट भरलेलं होतं त्याचं. शुक्रवारी पण तसंच."

माझा कंगवा थांबला.

"मी नाय कुणाला सांगणार. सांगायचं का नाय ते तुम्ही बघा."

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. चार शब्द मीही ऐकवले असते. आता मोठेपणा पण तिचाच. वेणी वाकडी आली, सोडून परत घातली.

१८ डिसें., गुरु.
सांगितलं तर शिकवणीत खोट नव्हती हे सगळ्यांना कळेल, पेढ्या इथंच राहील. राहील तो तिचा होऊन. नाही सांगितलं तर शेतावर जाईल, मग कुणाचाच नाही.

पहिल्यांदा मनात आलं ते हे, की जाऊ दे. निदान तिचा तरी होणार नाही.

दुपारी अक्कांचा फोन. पाठवा म्हणाल्या, राखणीला होईल. मग बोलता बोलता, मळ्याकडं बिबट्या फिरतोय, वासरू नेलं कुणाचं तरी. हा पेढ्या. त्यालाही भेटायला जाईल शेपूट हलवत.



२० डिसें., शनि.
सकाळी हे गाडी पुसत होते. मागच्या सीटवर जुनं पोतं अंथरलं होतं, पेढ्यासाठी. सांगितलं. सगळं, तुपासकट.

हे फडकं हातात धरून उभे राहिले. "तू?" एवढंच.

मग वर गेले. बराच वेळ भाऊजींशी बोलणं चाललं होतं, मला काही ऐकू आलं नाही. खाली आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "आज राहू दे. अक्काला कळवतो. पुढचं बघू." पोतं मात्र गाडीतच ठेवलंय.

मनीषा वरच्या पायरीवर उन्हाला बसलीये, प्लास्टरचा हात मांडीवर. पेढ्या तिच्या पायाशी आडवा. मी खाली ओट्यावर, ही वही घेऊन. मधे दहा-बारा पायऱ्या. हाक मारावीशी वाटतेय त्याला. तोंडापर्यंत येतेय.

मारली नाही. आला नसता तर?